‘डिमर’मधली कां-कू : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

‘डिमर’ (demur) या इंग्रजी क्रियापदावरील माझ्या लेखाबद्दल आपण लिहिता, ‘डिमर म्हणजे सरळ विरोध करणे; ‘आढेवेढे घेणे’ असा अर्थ देणाऱ्याने आधी शब्दकोश उघडावा, ठाण्यात बसून इंग्रजी शिकवू नये.’ शब्दकोश माझ्या टेबलावर उघडाच असतो. ठाण्यात बसण्याचा इंग्रजीशी काय संबंध, हे मात्र मला कळलेले नाही. मतभेद सभ्य शब्दांतही कळवता येतो.

एक चूक मान्य करतो. एके ठिकाणी मी उच्चार ‘डिम्युअर’ असा दिला होता. तो ‘शालीन’ या अर्थाच्या निराळ्या विशेषणाचा आहे. दुरुस्ती केली आहे.

राहिला तो ‘सरळ विरोध’. लॅटिनमधील ‘मोरा’, म्हणजे विलंब, हे या शब्दाचे मूळ. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ रेंगाळणे असा होता. बंदरात माल मुदतीबाहेर पडून राहिला की भरावे लागणारे ‘डेमरेज’ त्याच कुळातले. न्हावा-शेव्याला येणाऱ्या मालाची कस्टमची कागदपत्रे करण्यात मी वाशीच्या एका कचेरीत 22 वर्षे घालवली आहेत, त्यामुळे हा विलंब मला शब्दकोशातून शिकावा लागला नाही. तिथेच बँक गॅरंटीच्या मसुद्यांत ‘विदाउट डिमर’ हे शब्द मी असंख्य वेळा पेन्सिलीने खूण करून तपासले : मागणी येताच बँकेने कां-कू न करता रक्कम द्यायची. बँक तोंडावर नाही म्हणेल ही भीती तिथे नसतेच. ती अमुक कागद आणा, तमुक वाद आधी मिटू द्या, असे म्हणत बसेल, ही असते, आणि नेमकी तीच वाट हे दोन शब्द बंद करतात. ‘हरकत घेणे’ ही छटाही त्यात आहे. ती मी दुसऱ्याच परिच्छेदात दिली होती, आपण तिथवर वाचले असते तर दिसली असती.

उदाहरणे कृत्रिम आहेत, लेख लांबला आहे, वगैरे आपल्या इतर शेऱ्यांवर बोलण्यासारखे काही नाही. जाता जाता एवढेच, की आपण स्वतः ‘ही डिमर्ड द प्रपोजल’ असे लिहिले आहे. आजच्या इंग्रजीत हे क्रियापद असे थेट कर्म घेत नाही. मध्ये ‘ॲट’ किंवा ‘टू’ लागते.