कोडिंगचा एवढा बाऊ कशाला?

तुमच्या लेखात म्हटलंय की कोडिंग येत नसेल तर हेल्थ इन्फॉर्मेटिक्सच्या (म्हणजे दवाखान्यातली माहिती कॉम्प्युटरवर सांभाळायच्या आणि वापरायच्या शास्त्राच्या) ऑनलाइन मास्टर्सच्या वाटेला जाऊ नका, हे काही पटलं नाही बुवा. मी अकरा वर्षं वॉर्डात स्टाफ नर्स होते, आता नाशकात बसून अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीचं मास्टर्स करतेय, तिसरी सेमिस्टर चालूये. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, दोन महिन्यांत जमलं, रडतखडत का होईना. पण आमच्या ग्रुपमधली कोडिंगवाली मुलं अडकली कुठे माहितीये, एका पेशंटच्या फाइलमध्ये 'डीएम' (डायबेटिस), दुसरीकडे 'टी२डीएम' (टाइप २ डायबेटिस), तिसरीकडे नुसतं 'के/सी/ओ शुगर' (आधीपासून शुगर असलेला) लिहिलेलं, ते सगळं आयसीडी-१० या आजारांच्या कोडच्या यादीत ई ११, म्हणजे टाइप २ डायबेटिसखाली जायला हवं की नाही यावरच त्यांची गाडी थांबली. मी ते एका नजरेत सांगितलं, कारण रात्रपाळीत असल्या शेकडो फाइली भरल्यात!

आणि 'नोकरी सांभाळून आरामात होतं' असंही लेखात म्हणे. तिकडचं संध्याकाळी ७ चं लाइव्ह लेक्चर म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेचार, थंडीत त्यांचं घड्याळ बदललं की साडेपाच. कुकर लावायच्या आधी एफएचआयआर (दवाखान्यांच्या सिस्टिम्सनी एकमेकांना पेशंटची माहिती पाठवायची ठरलेली पद्धत) शिकते मी, त्यात लाइट गेली की संपलंच. फी भरण्याआधी त्या कोर्सला सीएएचआयआयएमची (असे कोर्स तपासून मान्यता देणाऱ्या तिकडच्या संस्थेची) मान्यता आहे का तेवढं नक्की बघा, आणि तिकडे आरएचआयए या हेल्थ रेकॉर्ड सांभाळणाऱ्यांच्या परीक्षेला बसायचं असेल तर साधारणपणे अशी मान्यता असलेला हेल्थ इन्फॉर्मेशन मॅनेजमेंटचा कोर्स लागतो, नुसता हेल्थ इन्फॉर्मेटिक्सचा पुरत नाही, आणि लेखात त्याबद्दल एक ओळ नाही.