इरावतीबाईंच्या बर्लिनमधल्या प्रबंधाबद्दल खुलासा

पुण्यातल्या काही व्हॉट्सॲप ग्रुपवर मानववंशशास्त्रज्ञ आणि लेखिका इरावतीबाईंबद्दल एक मजकूर फिरतोय: ‘इरावती कर्वे यांनी जर्मनीत गोऱ्या वंशाचं श्रेष्ठत्व सिद्ध करून डॉक्टरेट मिळवली.’ हे साफ चुकीचं आहे. घडलं ते याच्या नेमकं उलट.

त्यांचे मार्गदर्शक, जर्मन मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्व मानणारे होते, हे खरं. गोऱ्या युरोपियनांच्या कवटीची उजवी-डावी बाजू असमान असते आणि त्याचा संबंध त्यांच्या बुद्धीशी आहे, असा त्यांचा कयास होता. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता सगळ्यांतच आढळली. वंशाशी तिचा काही संबंध दिसला नाही. त्यांनी तेच लिहिलं. परक्या देशात, पंचविशीही गाठली नसताना, आपल्याच गुरूचं म्हणणं आकड्यांनी खोडायचं! ही पदवी १९३० सालची, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्या तीन वर्षं आधीची.

पुढे १९३९ पासून डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी महाराष्ट्रातल्या जातींची शरीरमापनं केली. त्या पद्धतीवर टीका जरूर करावी, मीही करते. पण त्यासाठी त्यांच्या प्रबंधाचा निष्कर्ष उलटा सांगू नये. मजकूर पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्तीही टाका.