"गोवर झालेल्यांत निम्म्याहून जास्त पोरं लस घेतलेलीच": आधी गावातली पोरं तर मोजा

धाकटी बहीण शहाद्याला असते, तिचा मुलगा दीड वर्षाचा आहे. परवा फोनवर म्हणाली, "दादा, लसना काय फायदा से? गोवर झालेल्यांत निम्म्याहून जास्त पोरं लस घेतलेलीच आहेत म्हणे." एवढ्यावरून तिने दुसरा डोस थांबवला. लसीविरुद्ध असे काही मुद्दे सांगणारा मेसेज तिला आला होता. तो मलाही आला होता, मी न वाचता पुढे सरकलो होतो. ती चूक माझी.

मेसेजमधल्या या पहिल्या मुद्द्यातला आकडा खरासुद्धा असू शकतो. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

एका मोठ्या गावात १००० मुलं धरा. ९०० जणांनी नवव्या महिन्याचा डोस घेतलाय, १०० जणांनी काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नऊ महिन्यांच्या वयात दिलेला एक डोस साधारण ८५ टक्के मुलांनाच संरक्षण देतो. म्हणजे ९०० पैकी १३५ मुलं उघडी राहिली. गोवर इतका सांसर्गिक की जवळ आलेल्या उघड्या दहांपैकी नऊ जणांना धरतो. लस घेतलेले सुमारे १२१ आजारी पडले आणि न घेतलेले ९०. झाले ना निम्म्याहून जास्त "लस घेतलेले"?

आता भागून बघा. ९०० पैकी १२१, म्हणजे शंभरात तेरा-चौदा. १०० पैकी ९०, म्हणजे शंभरात नव्वद. मेसेजवाल्याने रुग्ण मोजले, पण ते किती मुलांमधून आले हे मोजलंच नाही. साथरोगशास्त्रात आधी हा छेद, म्हणजे भागाकारात खाली येणारी एकूण मुलांची संख्या, विचारतात, कारण रुग्णांची संख्या वेगळी आणि आजाराचा दर वेगळा. मे महिन्यात भुसावळला बहुतेक सगळेच डोक्याला रुमाल बांधून फिरतात. ऊन लागून दवाखान्यात आलेल्यांतही रुमालवालेच जास्त असणार. म्हणून कोणी रुमाल सोडतो का?

आणि माझ्या बहिणीला हेच सांगायचंय: उघड्या राहिलेल्या त्या १३५ मुलांसाठीच दुसरा डोस असतो. दोन्ही डोस झाले की संरक्षण ९७ टक्क्यांच्या आसपास जातं. त्याच ९०० मुलांत मग आजारी पडतील चोवीस-पंचवीस. जो आकडा दाखवून तिला घाबरवलं, तोच डोस घ्यायचं कारण आहे.

मेसेजमधला पुढचा मुद्दा: "चांगला आहार असेल तर लस नको." यातलं अर्धं मान्य करावं लागतं. कुपोषण आणि अ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर गोवर जास्त जीव घेतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर कुपोषणाचा प्रश्न किती जुना आहे, हे खान्देशात कोणाला सांगायला नको. पण आहाराने मरणाचा धोका कमी होतो, लागण थांबत नाही. रुग्ण खोलीतून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो.

"आजीला झाला होता, काही झालं नाही." जी मुलं गेली, त्यांची नातवंडं मेसेज पाठवायला नाहीत. २०२३ मध्येही जगात गोवराने एक लाखाहून जास्त माणसं गेली, बहुतेक पाच वर्षांखालची मुलं.

लसीनंतर ताप? काहींना आठवड्याभराने येतो, दोन-तीन दिवसांत उतरतो. तो गोवर नव्हे.

दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत देतात. भाचा अठरा महिन्यांचा आहे, वेळ गेलेली नाही. आशाताईंना विचारून लसीकरणाचा पुढचा दिवस कळव, मी स्वतः येतो.