ढगाच्या पिशवीतला नारळ

माझा धंदा लोकांच्या गोष्टींवर विश्वास न ठेवण्याचा आहे. मी मोटार विम्याचा सर्व्हेअर. गाडी ठोकली की मालक ती गॅरेजला लावतो, क्लेम फॉर्म भरतो आणि मग मी जाऊन बघतो, की फॉर्मवर जे लिहिलंय ते पत्र्यावर दिसतंय का. 'अचानक गाय आडवी आली' हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय, की नाशिक जिल्ह्यातल्या यच्चयावत गायी रस्ता ओलांडण्यापलीकडे काही करतच नसाव्यात. दूध कोण देतं, देव जाणे.

अशा माणसाला रंगांतून अद्भुत गोष्टी सांगायला शिकवण्याचा घाट माझ्या मुलीने घातला. निमित्त बीपीचं. डॉक्टर म्हणाले, "मन कशात तरी रमवा." मी विचारलं, रमी चालेल का? त्यांनी उत्तर न देता माझ्या बायकोकडे पाहिलं, तिने मुलीकडे पाहिलं आणि मुलीने फोनमध्ये. गंगापूर रोडला एका बंगल्याच्या गच्चीवर जलरंगांचा क्लास होता. मोठ्यांसाठी. विषय : कल्पनेतल्या गोष्टी चित्रांतून. संध्याकाळपर्यंत फी भरूनही झाली होती. 'भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही' ही पावतीवरची ओळ वाचताना मला पहिल्यांदाच माझ्या क्लेमवाल्या पार्ट्यांचं दुःख कळलं.

बातमी द्वारका चौकातल्या गॅरेजपर्यंत कशी पोचली माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी फोरमन पान सावरत म्हणाला, "साहेब, पेंटिंगच शिकायचं तर पैसे कशाला घालवले? आपल्याकडे या. पुट्टी, प्रायमर, सगळं शिकवतो. वर चहा."

आता, नाशिकला जलरंगांचं वेड जुनं आहे. शिवाजी तुप्यांनी रंगवलेला गोदाघाट ज्याने पाहिलाय तो ब्रश हातात घ्यायच्या आधी दहा वेळा विचार करतो. आमच्या क्लासातले बाकीचे सगळे असा विचार करून, थोडाफार घाट रंगवून आलेले. मी थेट इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेनंतर उगवलेलो. तिथे स्मरणचित्राच्या पेपरला 'भाजी मंडई' आली होती आणि मी भाजीवालीपेक्षा तराजू मोठा काढला होता, कारण तराजू सोपा.

पहिल्याच दिवशी सामानाची यादी मिळाली. कागद ३०० ग्रॅमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम), शंभर टक्के कापसाचा. एका तावाची किंमत ऐकून माझ्या डोक्यात आपोआप डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा, सुरू झालं. प्लास्टिक आणि रबरावर आम्ही ५० टक्के कापतो, काचेवर काहीच कापत नाही. कापसाच्या कागदाचं काय? सर म्हणाले, "याच्यावर पहिला हात फिरवलात की किंमत शून्य." जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा कागदच. तो सुरुवातीपासून जपायचा, एकदा बुजला की गेला. आमच्या भाषेत टोटल लॉस.

मी पहिलं चित्र काढलं ते महाराष्ट्रातला कुठलाही माणूस झोपेतही काढेल तेच. दोन डोंगर, मधून सूर्य, डोंगरातून नदी, नदीकाठी झोपडी, एक नारळाचं झाड आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. सर बराच वेळ झोपडीकडे बघत राहिले.

"दार बंद का आहे?"

"कुणी नसेल आत."

"कुठे गेलंय?"

"मला काय माहीत, सर?"

"मग कुणाला माहीत?"

इतका साधा प्रश्न मला आजवर एकाही वकिलाने विचारलेला नाही.

सरांचं सगळं शिकवणं 'मग काय झालं?' या एका प्रश्नाभोवती फिरायचं. चित्र बघून हा प्रश्न पडला तर गोष्ट, नाही पडला तर कॅलेंडर. त्यांनी अजिंठ्याच्या १७ नंबरच्या लेण्यातल्या विश्वंतर जातकाचे, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मीच्या एका गोष्टीचे, फोटो दाखवले. एकाच भिंतीवर तोच राजपुत्र पुन्हापुन्हा येतो. इथे बायकोला वनवासाची बातमी सांगतोय, तिथे गावातून निघालाय, पुढे रथात बसलाय. चौकटी नाहीत, बाण नाहीत, तरी डोळा बरोबर पुढे सरकतो. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी तर एकेक सुटं चित्र पुढे धरून रामायण गातात. चित्र बदललं की गोष्ट पुढे. ऐकायला फार छान वाटलं. मी मात्र झोपडीतल्या माणसाला शोधत घरी आलो.

दुसऱ्या खेपेला मी ठरवून कल्पनाशक्ती लढवली. मिसळीच्या हॉटेलात बाकड्यावर बिबट्या बसलाय, पुढ्यात मिसळ आहे, पापड आहे, पोऱ्या रस्सा वाढतोय. मटकीचा एकेक दाणा रंगवला. बायको म्हणाली, "अहो, बिबट्या शाकाहारी कधीपासून झाला?" आमच्या घरात कल्पनेचं स्वागत असं होतं. तरी मी हिमतीने चित्र क्लासात नेलं. सर म्हणाले, "छान आहे. पण नाशिकमध्ये शहरात बिबट्या शिरणं ही गोष्ट नाही, बातमी आहे." पलीकडे बसलेल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या बाईंनी तर विचारलं, "कुठल्या भागात शिरला हो?"

मग मात्र मी चिडलो. अद्भुत पाहिजे ना? घ्या. पंख असलेले मासे, डोळे असलेलं झाड, ढगावर राजवाडा, चंद्राला लावलेली शिडी, शिडीवर चष्मा घातलेली गोगलगाय, आणि राहिलेल्या कोपऱ्यात (जागा होती म्हणून) इंद्रधनुष्य. एवढा ऐवज एका कागदावर बसवायला माझा अख्खा रविवार गेला. सरांनी ते चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं, आणि फार प्रेमाने म्हणाले, "यात खोटं काय आहे तेच कळत नाही."

मला वाटलं, कौतुक. पण ते पुढे म्हणाले, "सगळंच खोटं असलं की खोटं दिसतच नाही हो. पंचवटीत राहता ना तुम्ही? मारीचाचं काय? सोन्याचं अंग हे एकच खोटं. बाकी चरणं हरणासारखं, दचकणं हरणासारखं, उड्या मारणं हरणासारखं. म्हणून तर सीतेला ते हवंसं वाटलं. तो सहा पायांचा आणि शिंगांना दिवे लावलेला आला असता, तर ती दार लावून आत गेली असती." मग ते बिअ‍ॅट्रिक्स पॉटर या इंग्रज बाईंकडे वळले. बाईंनी घरी ससे पाळले होते, तासन्‌तास त्यांची चित्रं काढायच्या. १९०२ साली त्यांचा निळ्या जाकिटातला ससा जगापुढे आला. जाकीट खोटं, पण जाकिटाखालची पाठ, पाय, कान अस्सल सशाचे.

हे ऐकून माझ्यातला सर्व्हेअर खडबडून जागा झाला. कारण हे मला ठाऊक होतं. चांगल्या बोगस क्लेमची रचना हीच! कच्चा माणूस सगळंच रचतो. तारीख, वेळ, रस्ता, गाय. तो पहिल्या पाच मिनिटांत सापडतो. पक्का माणूस एकच थाप मारतो आणि तिच्याभोवती सगळं खरं उभं करतो. खरा रस्ता, खरा पाऊस, खरं पंक्चर. अशा माणसांपुढे मी रात्र-रात्र बसलोय. पण कलेच्या दृष्टीने कधी बघितलं नव्हतं.

आणि मला तो नारळ आठवला.

एका गृहस्थाची गाडी. टपाला मधोमध गोल पोचा. क्लेम : गाडी उभी असताना झाडावरून नारळ पडला. पोचा अगदी नारळाच्या मापाचा, रंगाच्या कपच्या ताज्या, तारीख-वेळ बिनचूक. गृहस्थांनी पुरावा म्हणून डॅशबोर्डच्या खणातून नारळही काढून दिला. मी तो हातात फिरवून बघितला. सोललेला. वर छान शेंडी राखलेली. शेंडीत हळदीकुंकू. झाडावर असा नारळ कधी लागतो का हो? शिवाय गाडी उभी होती तिथे झाडच नव्हतं, विजेचा खांब होता. मी रिपोर्टात 'कारण पटण्यासारखं नाही' असं लिहून मोकळा झालो होतो.

त्या रात्री मात्र डोक्यात उलटंच चालू झालं. समजा, गृहस्थ खरं बोलत होते. तर मग सोललेला, हळदीकुंकू लागलेला नारळ वरून पाडेल कोण? झाड नाही. माकड नाही. ज्याने तो पूजेला नेला होता, तोच. आणि वर तर फक्त ढग.

सरांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. "ढग कुठे निघालाय?"

"त्र्यंबकला, दर्शनाला," मी म्हटलं, आणि लगेच माझी मलाच शंका आली. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो. ढग त्र्यंबकहून नाशिककडे येणार, नाशिकहून त्र्यंबकला नाही. वाऱ्याविरुद्ध जाणारा ढग मी पास करणार नाही. मग लख्ख उजेड पडला. "सर, तो जात नाहीये. दर्शन घेऊन परत येतोय! म्हणून तर नारळाला कुंकू आहे!"

बँकेच्या बाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या.

इथून पुढे खरे हाल सुरू झाले. गोष्ट सापडणं एक आणि ती कागदावर उतरणं एक, तेही जुलैमध्ये. नाशिकच्या जुलैत दोरीवरचा टॉवेल वाळत नाही, तिथे ३०० ग्रॅमचा कागद काय वाळणार? ढगासाठी आधी कागद ओला करायचा आणि त्यात अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना यांचा राखाडी सोडायचा. तो आपोआप पसरतो, मऊ कडा होतात. घाई करून अर्धवट वाळल्यावर पाण्याचा एक थेंब पडला की दातेरी डाग उमटतो आणि तो जन्मात जात नाही. माझ्या ढगावर असे डाग इतके पडले की त्यातून एक चेहराच तयार झाला. फुगलेले गाल, मोठं नाक, कपाळाला आठ्या.

बायको खांद्यावरून डोकावली. "अहो, ह्या तर तुमच्या आत्या."

नाकारण्यात अर्थ नव्हता. आत्याच होती. मी उरलेल्या दोन डागांचे हात केले आणि एका हातात पिशवी दिली.

नारळाला सरांनी दोन आठवडे घेतले. मी आधी तो टपावर आपटून फुटलेला काढला होता, खोबरं उडतंय वगैरे. "पडलेला नको," सर म्हणाले. "पडायच्या आधीचा काढा." मला हे फार जड गेलं. माझं सगळं आयुष्य घटना घडून गेल्यावर पोचण्यात गेलंय. आधी पोचायची सवयच नाही. शिवाय सावली. हवेतला नारळ हवेत आहे हे नारळावरून कळत नाही, खालच्या सावलीवरून कळतं. सावली चिकटली की नारळ टपावर ठेवलेला दिसतो. दोघांत बोटभर जागा सोडली की बघणारा नकळत श्वास रोखतो. ब्रेकच्या खुणांवरून वेग काढतो ना आम्ही, तसंच. मी फूटपट्टी घेऊन बसलो तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, हा छंद आहे ना? मग रिपोर्ट लिहिताना कपाळाला पडतात तशा आठ्या का पडल्यात?" पण माझं चालू राहिलं. विजेचा खांब काढला, त्याच्यावरची केबलची भेंडोळी काढली, गाडीला एमएच १५ची पाटी लावली, वायपरवर ओलं पान अडकवलं. शेजारी गाडीचे मालक चहा पीत उभे आहेत आणि त्यांनी अजून वर बघितलेलं नाही.

फोरमनला फोटो दाखवला. तो कितीतरी वेळ बघून म्हणाला, "टप पूर्ण बदलावा लागेल."

आत्या आली ती गणपतीच्या आधी, पंचवटीत काही खरेदी होती म्हणून. मी चित्र कपाटामागे सरकवलं होतं, पण बायकोने नेमकं त्याच दिवशी कपाट झाडलं. आत्याने चष्मा लावला, चित्र खिडकीपाशी नेलं. घरात शांतता. आपण आभाळात तरंगतोय, आपलं अंग कापसाचं झालंय, आपण नाशिक-त्र्यंबक हवेतून ये-जा करतोय, यातल्या एकाही गोष्टीवर तिने भुवई उचलली नाही.

"ही पिशवी प्लास्टिकची आहे का रे?"

"हो, आत्या. मुद्दाम आरपार ठेवलीय, रिकामी झालेली दिसावी म्हणून..."

"मी त्र्यंबकला कधी प्लास्टिकची पिशवी नेलीय? माझी जांभळी कापडी पिशवी आहे, दोन बंदांची. आणि ती फाटकी नाही, की नारळ खाली पडावा. आता एक बंद सुटला असेल तर गोष्ट वेगळी."

मी मुकाट्याने ब्रश घेतला. पिशवीची जागा कोरी होती हे नशीब. आत्या शेजारी बसून जांभळ्याची छटा पास-नापास करत होती. पिशवी रंगली, एक बंद सुटा लोंबकळला, तेव्हा कुठे तिचं लक्ष खालच्या माणसाकडे गेलं.

"ह्याच्या गाडीचे पैसे मिळाले का मग?"

"नाही गं. त्याने झाडावरून पडला म्हणून लिहिलं होतं. तिथे झाडच नव्हतं."

"झाड कशाला लागतंय? माझ्या हातून सुटला ना तो!" आत्या म्हणाली. "कागद आण, मी जबाब लिहून देते."