लंडनचं एलएलएम म्हणजे सॉलिसिटरची सनद नव्हे

‘इथली एलएलबी, वर लंडनचं एक वर्षाचं एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी), की झालात तिकडे सॉलिसिटर (तिथला वकील)’ असा मेसेज विद्यार्थ्यांत फिरतोय. हे खरं नाही. घरचे कर्ज काढून पोरांना पाठवतात, म्हणून स्पष्ट सांगणं भाग आहे.

इंग्लंड-वेल्समध्ये सॉलिसिटर होण्यासाठी २०२१पासून एसक्यूई (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन) ही परीक्षा आहे. पहिल्या टप्प्यात प्रत्येकी १८० बहुपर्यायी प्रश्नांचे दोन पेपर. दुसऱ्यात अशिलाशी बोलणं, युक्तिवाद, मसुदा हे प्रत्यक्ष करून दाखवायचं. एलएलएममुळे यातलं काहीही माफ होत नाही. खरी उपयोगी पडते ती इथली वकिलीची सनद: सनदधारक वकिलाला दोन वर्षांच्या कामाच्या अनुभवाची अट नाही, नुसत्या पदवीधराला आहे. त्यामुळे आधी बार कौन्सिलची पक्की सनद घ्या, मग एलएलएमची फी भरायची का ते ठरवा.