शनिवारी यावे, रविवारी पेटवावे

शिमगा संपून देव आपापल्या देवळांत परतले की कोकणातल्या गावांत दुसऱ्या पालख्या येऊ लागतात. या पालख्यांना चार चाके असतात, टपावर शिडी बांधलेली असते आणि डिकीत कोरे फावडे, गवत कापण्याचे यंत्र, रंगाचे डबे व शीतपेयांचा खोका असतो. शुक्रवारी रात्री मुंबईहून निघालेले मालक शनिवारी सकाळी आपल्या वडिलोपार्जित किंवा नुकत्याच विकत घेतलेल्या जागेत उतरतात आणि रविवारी संध्याकाळी परत जातात. महामार्गाविषयी मी काही लिहीत नाही. या दोन दिवसांत त्यांना आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, सगळी कामे उरकायची असतात. राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत बारा महिने राहणारा आणि अशाच एका जागेला लागून बाग असलेला मनुष्य या नात्याने, विशेषतः गेल्या रविवारी दुपारी मला जे शिक्षण मिळाले त्यानंतर, या मंडळींना चार सूचना करणे मी माझे कर्तव्य समजतो.

प्रथम गवंड्याविषयी. गवंड्याला शुक्रवारी रात्री दहा वाजता फोन करावा आणि शनिवारी सकाळी आठला चार माणसे घेऊन हजर राहण्यास सांगावे. एप्रिलमध्ये प्रत्येक घराची पावसाआधी काही ना काही डागडुजी निघालेली असते, निम्मे मजूर आंबा उतरवायला आणि पेट्या भरायला गेलेले असतात, उरलेल्यांच्या भावकीत त्याच आठवड्यात लग्न असते, असल्या क्षुल्लक गोष्टी आपण मनावर घेऊ नयेत. तो आला नाही, तर ‘गावातल्या लोकांना कामच नको’ हे वाक्य ओटीवर बसून शेजाऱ्याला स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणावे. शेजारी चहा घेऊन आला असेल, तर चहा घेता घेता म्हणावे.

कुंपणाचे काम मात्र टाळू नये. आमच्या वाडवडिलांनी जांभ्याचे सुटे दगड रचून गडगे घातले. त्यांच्या फटींतून पावसाचे पाणी निघून जाई, मुंगसे ये-जा करीत आणि गडगा ढासळलाच तर दोन्ही अंगांचे शेजारी मिळून तो पुन्हा रचीत. असला गबाळेपणा न करता आपण सिमेंटात बसवलेल्या चिऱ्यांची सहा फुटी भिंत हद्दीच्या दगडावरून सरळ न्यावी. मध्ये पाखाडी आली तर ती आपलीच समजावी. तिच्यावरून वरच्या वाडीतली मुले शाळेत जातात, हे सातबाऱ्यावर लिहिलेले नसते. पऱ्या, म्हणजे पावसाळी ओहोळ, आडवा आला तर तो जेसीबीने बुजवावा. एप्रिलमध्ये त्यात थेंबभर पाणी नसते आणि ज्यात पाणी नाही तो पऱ्या कसला, हा युक्तिवाद मुंबईत बसून बिनतोड वाटतो. कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. जुलैमध्ये पऱ्या आपली जुनी वाट शोधत येतो आणि ती सापडली नाही की माझ्या गोठ्यातून जातो. आपण तेव्हा येथे नसता, म्हणून कळवले.

शाकारणीच्या वेळी कौलांवर बूट घालून चढावे आणि पाय कौलाच्या बरोबर मधोमध द्यावा.

कौलांचा कंटाळा आला असेल तर रंगीत पत्रे घालावेत, आणि ते बसवताना पत्रे धरून ठेवणारे लोखंडी आकडे जरा कमीच मारावेत. मे २०२१ च्या तौक्ते वादळात असा एक निळा पत्रा माझ्या माडाच्या शेंड्यात येऊन अडकला होता; तो कोणाचा, हे अद्याप कोणी कबूल केलेले नाही. माकडांविषयी मला काहीही विचारू नये.

विहिरीत मे महिन्यात हातभर पाणी उरते. ते खळ्यात, म्हणजे अंगणात, नव्याने लावलेल्या हिरवळीला सकाळ-संध्याकाळ घालावे.

आता मुख्य काम, म्हणजे साफसफाई. जागेत पाऊल टाकल्याबरोबर आपल्याला सर्वत्र गळलेल्या पानांचा पातेरा दिसेल, आंब्याचा, काजूचा, फणसाचा, ऐनाचा. आणि त्यापलीकडे कमरेएवढे वाळलेले गवत. हा पातेरा ओढून झाडांच्या आळ्यांत घातला तर उन्हाळाभर ओल टिकते आणि पावसात त्याचे खत होते, परंतु त्याला दोन दिवस लागतात, आणि काडी ओढायला काहीच लागत नाही. म्हणून काडी ओढावी. वेळ रविवारी दुपारी दीडची निवडावी. सकाळी वारा पडलेला असतो, गवत किंचित दमट असते, आणि त्यामुळे आग आटोक्यात राहण्याचा मोठाच धोका संभवतो. अकराच्या पुढे समुद्राकडून वारा सुटतो, दुपारी तो भरात येतो, आणि सड्यावरच्या, म्हणजे माथ्यावरच्या कातळमाळाच्या, गवताला मग काडीचीही गरज उरत नाही, एक ठिणगी पुरते.

आम्ही गावचे लोक आग लावत नाही असे नाही. भाजावळ आम्हीही करतो. परंतु भाजावळ म्हणजे शेण, कवळ (झाडांच्या तोडलेल्या फांद्या) आणि पातेरा यांचे थर देऊन वरून माती पसरायची, भोवतालची दोन हात जमीन खराट्याने लख्ख झाडून घ्यायची, सकाळच्या पारी वाऱ्याच्या उलट अंगाने पेटवायचे आणि दोन माणसांनी हिरवे टहाळ हातात धरून उभे राहायचे. माझे वडील शेवटी राखेवर तळहात ठेवून पाहत. हाताला चटका बसला तर घरी कोणी जेवायला जात नसे. एवढा उपद्व्याप आपण कशाला करावा? आपण ढीग पेटवावा, आणि फोन आला की ओटीवर जाऊन बोलत बसावे.

माझ्या शेजारच्या गृहस्थांनी गेल्या रविवारी नेमके हेच केले. आमच्या दोघांच्या मधला गडगा अजून जुनाच आहे, आणि त्याच्या फटींतून गवत उगवलेले असते. मी जेवून आडवा झालो होतो. आधी वास आला, आणि मग काजूची वाळकी पाने पेटताना जो तडतड आवाज होतो तो आला. तो आवाज ज्याने एकदा ऐकला आहे तो झोपेतूनही उठून पळतो. मी पोहोचलो तेव्हा जाळ गडगा ओलांडून काजूत शिरला होता. वाडीतली अकरा माणसे ऐनाचे टहाळ मोडून धावली, आणि पलीकडच्या आंब्याच्या बागेतले नेपाळी गडी कोणी न बोलावता आले. दोन तास आम्ही जाळ झोडपत होतो. गृहस्थ हिरवळीचा रबरी पाइप घेऊन आले होते, परंतु टाकीत पाणी नव्हते, कारण ते सकाळी हिरवळीला घातले होते. मग त्यांनी मोबाइल काढून चित्रीकरण केले.

२३ कलमे होरपळली. सात-सात मीटरवर खड्डे मारून सात वर्षांपूर्वी लावलेली कलमे. पहिले दोन उन्हाळे खांद्यावरून हंडे वाहून मी त्यांना पाणी घातले, पहिला मोहोर झाडाच्या वाढीसाठी हाताने खुडून टाकला, आणि यंदा प्रथमच झाडामागे चार किलो बी मिळेल अशी फळधारणा होती. ठिबकच्या नळ्या वितळून जमिनीला मेणासारख्या चिकटल्या आहेत. आणि हे गृहस्थ काय म्हणाले? “काका, पालापाचोळाच तर होता. नुकसान किती झाले ते सांगा, मी लगेच जीपे करतो.”

किती झाले ते काय सांगू? होरपळलेले काजूचे कलम त्या दिवशी मरत नाही. खालची साल शिजलेली असते, तरी वरची पाने काही दिवस हिरवी राहतात. मी रोज सकाळी एकेका झाडाची साल नखाने खरवडून पाहतो आहे. आत हिरवे दिसले तर जीव आहे, तपकिरी दिसले तर संपले. कालपर्यंत नऊ हिरवी होती, आज सात आहेत. मृगाचा पाऊस झाल्यावर खरा आकडा कळेल. तो तुम्हाला कोणत्या क्रमांकावर कळवू?

पंचनाम्यात आगीचे कारण ‘अज्ञात’ लिहिले आहे. ते मीच तसे लिहू दिले, कारण तुमचे आजोबा आणि माझे आजोबा एका पंगतीला बसणारे होते, आणि ही माझी चूक झाली. अहो, या रानाला मालक नाहीत असे तुम्हाला वाटते काय? तुम्ही येथे राहत नाही म्हणून येथे कोणीच राहत नाही, असे कोणी सांगितले तुम्हाला? गवत जास्त झाले असेल तर डिसेंबरात माणूस लावून कापून घ्या, मजुरी परवडत नसेल तर मला सांगा, माझी गुरे ते खातील. पातेरा नको असेल तर गडग्यावरून माझ्याकडे टाका, मी हात जोडून उचलून नेईन. पेटवायचेच असेल तर सकाळी सहाला उठा, आधी मला हाक मारा आणि विझेपर्यंत तिथून हलू नका. यातले काहीच जमत नसेल तर ओटीवर बसून आंबे खा, पण काडीपेटीला हात लावू नका. वणवा लागला की तुमचे दोन दिवस मजेत जातात आणि आमची वर्षे जातात, हे आठवी शिकलेल्या माझ्या गड्याला कळते. तुम्हाला कळत नाही?

पाच वाजता तुम्ही फाटकाला कुलूप लावलेत आणि गाडीची काच खाली करून, “येतो काका, पुढच्या शनिवारी आहेच,” म्हणालात. तेव्हा गडग्याच्या बुडाशी एक जुने फणसाचे खोड धुमसत होते. तुम्हाला ते दिसत होते, कारण तुम्ही त्याच्याकडे पाहून नाकाला रुमाल लावलात. रात्री साडेनऊपर्यंत घागरीने पाणी आणून मी ते विझवले.