सिद्धी असली की शाळा कशाला? एका फिरत्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस कोल्हापुरातल्या तालमीच्या, अपार्टमेंटच्या, भिशीच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. मथळा असा : ‘वीस वर्षं शिकून जे मिळत नाही, ते सिद्धी एका क्षणात देते.’ खाली दावे. सिद्धपुरुषाला शिकावं लागत नाही, त्याला सगळं आतूनच उमगतं. चांगदेव सिद्धीच्या बळावर चौदाशे वर्षं जगले. अंबाबाईचा किरणोत्सव हा सिद्धीचाच पुरावा, विज्ञानाला त्याचं कोडं सुटलेलं नाही. डॉक्टरांनी हात टेकले तरी मंत्र सापाचं विष उतरवतो. आणि शेवटी, पुस्तकी विद्या माणूस विसरतो, सिद्धी जन्मभर टिकते. तळाला हात जोडलेल्या इमोजींची रांग.

‘जादूबिदू काही नसतं’ असं म्हणून हा विषय एका ओळीत मिटवता आला असता. पण मेसेजचा रोख वेगळा आहे. सिद्धी असेल तर ती शिकण्यापेक्षा सरस, असं त्याचं म्हणणं. तेव्हा वादापुरतं ती आहे असं धरून चालू आणि जिथं पुरावा पुढं केलाय तिथं पुरावा तपासू.

पहिला दावा शिकावं न लागण्याचा. अष्टसिद्धी कोणत्या? अणिमा, महिमा, गरिमा, लघिमा, प्राप्ती, प्राकाम्य, ईशित्व, वशित्व. लहान व्हा, मोठे व्हा, जड व्हा, हलके व्हा, हवं ते मिळवा, दुसऱ्याला मुठीत ठेवा. यात एखादी गोष्ट समजून घ्यायचं खातं कुणाकडं आहे? आता कुणी जाणकार म्हणेल की पतंजलींच्या योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात, म्हणजे भागात, ज्ञान देणाऱ्या सिद्धीही सांगितल्यात. बरोबर आहे. नाभिचक्रावर संयम केला, म्हणजे मन पुरतं एकाग्र केलं, की शरीराची रचना कळते, ध्रुवावर केला की ताऱ्यांची गती कळते, असं तिथं आहे. पण तो संयम साधायला धारणा, ध्यान, समाधी या पायऱ्या चढाव्या लागतात. तोही अभ्यासच, आणि चांगला खडतर. वर त्याच पादात पतंजली बजावतात की या सिद्धी समाधीच्या वाटेतल्या अडचणी आहेत. ज्या योगशास्त्रात सिद्धी सांगितल्यात त्याचंच मत मेसेजच्या विरोधात जातं.

चांगदेवांची गोष्ट तर अर्धीच सांगितलीय. आळंदीला पत्र पाठवायचं, पण मायना काय लिहायचा? ज्ञानेश्वर वयानं लहान, ज्ञानानं मोठे. शेवटी कोराच कागद गेला. तो बघून मुक्ताबाई म्हणाली की चौदाशे वर्षं जगून हे कोरेच राहिले. ज्ञानेश्वरांनी उत्तरादाखल ६५ ओव्या पाठवल्या. ‘अहो, पण पुढं ज्ञानेश्वरांनी भिंत चालवलीच की!’ असं कुणी म्हणेल, म्हणून तेही मान्य करतो. कथेत भिंत चालते. पण चांगदेव काही भिंत चालवायची युक्ती शिकायला थांबले नाहीत, एका पोरसवदा मुक्ताबाईचे शिष्य झाले. सिद्धी भरपूर होती, तरी शिकायची गरज उरलीच होती.

किरणोत्सवावर जरा थांबतो, कारण तो आपल्या घरचा विषय आहे आणि मेसेजमधला सगळ्यात भावणारा मुद्दाही. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गाभाऱ्याचा उंबरा ओलांडतात, देवीच्या चरणांवर पडतात आणि सगळं जुळून आलं तर कमरेवरून मुखापर्यंत चढतात. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, माझ्याही येतो.

आता कॅलेंडर घ्या. १० नोव्हेंबरपासून २१-२२ डिसेंबरपर्यंत दिवस मोजा, मग तिथून १ फेब्रुवारीपर्यंत मोजा. दोन्हीकडं ४१-४२ भरतात. डिसेंबरातल्या त्या सगळ्यात लहान दिवसापर्यंत सूर्य रोज थोडा थोडा दक्षिणेकडं सरकत मावळतो, मग उलटा फिरतो. त्यामुळं नोव्हेंबरात क्षितिजावरच्या ज्या जागी तो मावळला, त्याच जागी फेब्रुवारीच्या तोंडावर पुन्हा येतो. किरणं वर का चढतात तेही सरळ आहे. सूर्य जसा खाली जातो तशी तिरपी येणारी किरणं आडवी होत जातात आणि उजेडाचा पट्टा पायाकडून मुखाकडं सरकतो. कोडं सुटलेलं नाही म्हणे!

शिवाय काही वर्षी किरणं चरणांपाशीच थांबतात, त्याचं काय? कधी ढग, कधी हवेतली धूळ आणि बाष्प, कधी वाटेतली बांधकामं. म्हणून तर त्या मार्गातल्या अडथळ्यांची पाहणी होते. प्राध्यापक आणि विद्यार्थी यंत्र घेऊन उभे राहतात आणि उजेड किती लक्स आला ते मोजतात. ढगानं अडणारी सिद्धी कसली? पण ज्यांनी मंदिराची ती दिशा साधली, त्यांनी किती संध्याकाळी सूर्याकडं बघत, खुणा करत घालवल्या असतील ते मनात आणा. त्या माणसांचं श्रेय काढून घेऊन ते चमत्काराच्या खात्यावर जमा करायचं, हा मला त्यांचा अपमान वाटतो.

चौथा दावा जिवावर बेतणारा आहे. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा या भाताच्या पट्ट्यात पावसाळा आला की सर्पदंशाची धास्ती असते. मंत्रानं माणूस उठला असं शपथेवर सांगणारे खोटं बोलत नसतात. माणूस उठलेला असतोच. बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही कधीकधी विष न सोडता नुसता चावतो. असा माणूस मांत्रिकाकडं नेला काय आणि ओट्यावर बसवून ठेवला काय, तो बरा होणारच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांतल्या एखाद्यानं विष सोडलं असेल, तर मात्र मंत्र म्हणण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

याउलट दवाखान्यातली एक साधी तपासणी बघा. रुग्णाचं थोडं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतात आणि वीस मिनिटं नळीला हात लावत नाहीत. मग ती हलकेच कलती करतात. रक्त गोठलं नसेल, पाण्यासारखं वाहत असेल, तर घोणस किंवा फुरशाच्या विषानं रक्ताची गोठायची ताकद मोडल्याचा संशय पक्का. नळी काचेचीच लागते, प्लॅस्टिकची चालत नाही, आणि साबणाचा अंशही राहता कामा नये, नाहीतर निकाल फसतो. नाग-मण्यारचं विष मात्र या नळीत दिसत नाही. तिथं पापण्या मिटायला लागल्यात का, श्वास जड झालाय का ते बघतात. मग घोड्याच्या रक्तातून तयार केलेलं प्रतिविष शिरेतून देतात. हे सगळं कालच रुजू झालेली नर्ससुद्धा शिकून करू शकते. मांत्रिकाचं असं होत नाही. त्याचा गुण त्याच्याबरोबरच यायचा आणि त्याच्याबरोबरच जायचा.

तिथंच शेवटचा दावा येतो : विद्या विसरते, सिद्धी टिकते. टिकते कुणापाशी? कच-देवयानीची कथा आठवा. मेलेल्याला उठवणारी संजीवनी, याहून मोठी जादू कुठली? पण तीसुद्धा कचाला शुक्राचार्यांच्या घरी राहून, गुरं राखून, पुन्हा पुन्हा मरून मिळवावी लागली. देवयानीनं शाप दिला की तुला ती फळणार नाही. कच म्हणाला, मला नाही तर नाही, मी ज्याला शिकवीन त्याला फळेल. त्यावर शापाकडं उत्तरच नव्हतं.

आपल्याकडचा गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, बघा. काहिलीत रस उकळतोय, भेंडीचा चीक घालून वर आलेली मळी काढून झालीय, वाफेत काही दिसत नाही. तो पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांत वळतो, गोळी जमली की ‘उतरा’ म्हणतो. घाई केली तर रवा, म्हणजे गुळाची ढेप, बसत नाही, उशीर झाला तर गूळ काळा पडतो. परक्याला ही सिद्धीच वाटेल. पण त्याचा पोरगा त्याच चुलवाणापाशी उभं राहून ते शिकतो, आणि तापमापी लावणारा सांगतो की पाक ११५ ते १२० अंशांच्या दरम्यान आलाय.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. विद्या काही घरांतच कोंडून ठेवली की बाहेरच्यांना ती जादूसारखीच दिसते, आणि दाराबाहेरची माणसं हात जोडून उभी राहतात. ते दार उघडायला महाराजांना कायदा करावा लागला.

मेसेज लिहिणाऱ्याकडं खरंच काही असेल तर परीक्षाही सोपी आहे. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. इशारा ३९ फुटांना, धोका ४३ फुटांना. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. चिखली-आंबेवाडीची माणसं त्या आकड्यावर डोळा ठेवून जनावरं ट्रॉलीत चढवतात. तर पुढच्या जुलैत, पावसाचा जोर असताना, सकाळची पातळी आदल्या रात्री फूट-इंचात लिहून त्याच ग्रुपवर टाका. सलग आठ दिवस. हुकली तर हुकली म्हणून सांगायचं, एवढीच अट.